डावखुरं घर

"हे घर मी असं करून दाखवतो, असं करून दाखवतो, की ज्याने ते बांधलं तो आज दारात येऊन उभा राहिला, तर त्याला वाटावं, आपण सकाळी कामावर गेलो होतो आणि आत्ता चहाला परत आलोय!"

दातांच्या डॉक्टरांनी ही घोषणा केली तेव्हा ते एका पालथ्या बादलीवर उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर खोट्या छताचा एक तुकडा लोंबकळत होता. ऐकायला माणसं दोनच. एक त्यांची बायको, जी शाळेत भूगोल शिकवायची. दुसरा मिस्त्री, जो जगातल्या कुठल्याही वाक्याला एकच उत्तर द्यायचा.

"होऊन जाईल!" मिस्त्री म्हणाला.

बाईंनी हात वर करून नवऱ्याच्या केसांतलं प्लास्टर तेवढं झटकलं.

घर साठेक वर्षांपूर्वीचं. जुनंपुराणं सगळं टाकून द्यावं, घरात फक्त ऊन, वारा आणि सरळ रेषा असाव्यात, असं ज्या काळात शहाण्या माणसांना मनापासून वाटत होतं, त्या काळातलं. चपटं छप्पर. बागेच्या अंगाला जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. समोर मधोमध दगडी भिंत, पायांखाली मोझाइकची गुळगुळीत फरशी, आणि औषधालासुद्धा कुठे नक्षी नाही.

पण मध्यंतरी ते एका पडद्यांच्या व्यापाऱ्याने घेतलं होतं. सरळ रेष दिसली की त्या माणसाचा जीव कासावीस व्हायचा. त्याने काचेला झालरी लावल्या, दगडी भिंतीवर चकचकीत प्लायवूड ठोकलं, छताखाली आणखी एक छत टांगलं आणि त्या छतावर प्लास्टरची फुलं चिकटवली. बाहेरून घर, आतून लग्नाचं कार्यालय!

डॉक्टरांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना पेशंटच्या तोंडात डोकावल्यासारखं वाटलं. वर सगळा थर साचलाय, पण आतला दात ठणठणीत आहे! खरवडला की झालं!

बाईंना खरं तर लिफ्ट असलेला, नवाकोरा, दार लोटलं की लखलखणारा फ्लॅट हवा होता. त्या तयार झाल्या त्या एका अटीवर. गावात जुन्या वास्तूंचं जतन करणारं एक मंडळ होतं. पसंत पडलेल्या घराला ते पितळी पाटी द्यायचं.

"तुम्हाला ती पाटी मिळाली, तर या घराबद्दल मी जन्मात चकार शब्द काढणार नाही," बाई म्हणाल्या. "नाही मिळाली, तर त्या दिवसापासून या घरात खिळासुद्धा माझ्या मर्जीशिवाय ठोकायचा नाही."

"मंजूर!" डॉक्टर म्हणाले. ते हरण्याचा विचारच करत नव्हते. कारण त्यांच्या खिशात फोटो होता!

हा फोटो त्यांना रद्दीच्या दुकानात, एका जुन्या मासिकात सापडला होता. 'नव्या युगाचं नवं घर' असा मथळा आणि खाली पानभर हेच घर! बागेत उभं राहून काचेतून टिपलेलं. आत दगडी भिंतीसमोर कोट घातलेले मूळ मालक रुबाबात बसलेत, बारीक तिरक्या पायांच्या खुर्च्या आहेत, भिंतीवर कॅलेंडर आहे. डॉक्टरांनी तो फोटो कपाटाएवढा मोठा करून आणला, बागेत जाऊन उभे राहिले, एकदा फोटोकडे आणि एकदा घराकडे बघितलं, आणि ओरडले, "लबाड! चोर! पडदेवाला!"

बाई धावत बाहेर आल्या. "काय झालं? साप निघाला का?"

"अगं, दार बघ! आपलं दार कुठल्या कोपऱ्यात आहे? उजव्या! आणि फोटोत? डाव्या! आपलं स्वयंपाकघर डावीकडे, फोटोत उजवीकडे! त्या पडदेवाल्याने नुसत्या झालरी नाही लावल्या, अख्खं घर इकडचं तिकडे केलंय!"

बाईंनी फोटो नीट बघितला. "अहो, पण ऊन बघा ना. काच आपली पूर्वेला. यांनी कोट घातलाय म्हणजे दिवस थंडीचे. मग सूर्य डाव्या हाताला, दक्षिणेकडे पाहिजे. यात तो उजवीकडून येतोय. थंडीत उत्तरेकडून सूर्य?"

"फोटोवाले दिवे लावतात गं!"

"एवढा मोठा दिवा?"

"मोठे लोक होते ते!"

आत परीक्षेच्या पेपरांचा ढीग बाईंची वाट बघत पडला होता. त्यात एका मुलाने अख्खा समुद्र वाळवंटात नेऊन ठेवला होता. त्यापुढे नवऱ्याचा सूर्य म्हणजे काहीच नव्हता. त्या आत निघून गेल्या.

डॉक्टर मात्र भिंग घेऊन फोटोवर वाकले, आणि त्यांना शोधांवर शोध लागत गेले. मालकांचं घड्याळ उजव्या मनगटावर! कोटाचा वरचा खिसा उजवीकडे! चहाचा कप डाव्या हातात!

"डावखुरे होते!" डॉक्टरांनी जेवताना जाहीर केलं. "म्हणून तर दार डावीकडे! आलं लक्षात? हे घर डावखुऱ्या माणसासाठी, डाव्या हाताच्या सोयीने बांधलेलं आहे. अशी वास्तू दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. आणि कॅलेंडरवर कुठली लिपी आहे माहीत आहे? कुठलीच नाही ओळखू येत! म्हणजे परदेशी! माणूस बहुभाषी होता!"

"बरं," बाई म्हणाल्या. "आमटी वाढू का? कुठल्या हाताने खाणार?"

बाईंनी चेष्टेने विचारलं, पण डॉक्टरांनी ते मनावर घेतलं. घराचा आत्मा समजून घ्यायचा म्हणून ते डाव्या हाताने चहा पिऊ लागले. सगळे शर्ट चहाच्या रंगाचे झाले. डाव्या हाताने दाढी केली आणि तोंडाला चिकटपट्ट्या लावून दवाखान्यात गेले. तिथे त्यांनी सवयीने इंजेक्शनही डाव्या हातात धरलं. ते थरथरताना पाहून खुर्चीतल्या आजोबांनी तोंड मिटून घेतलं आणि दाढ दुखतच नाही असं लेखी द्यायची तयारी दाखवली.

इकडे मिस्त्री कामाला लागला. फोडकाम हा त्याचा श्वास होता. बांधकाम तो करायचा, पण पुन्हा फोडायला मिळेल या आशेवर.

"हे दार बुजवायचं आणि त्या कोपऱ्यात काढायचं. होईल?"

"होऊन जाईल!"

डावा कोपरा फोडला. आत जुन्या दाराची काहीतरी खूण सापडेल, निदान वरची तुळई तरी सापडेल, अशा अपेक्षेने डॉक्टर टॉर्च घेऊन उभे होते. काही नव्हतं. एकसंध वीट. उजवीकडचं दार काढलं, तर तिथे मात्र जुनी, दणकट, जणू घराबरोबरच जन्मलेली तुळई निघाली, आणि उंबऱ्यापाशी मोझाइक पावलांनी झिजून गेलं होतं.

"बघितलंस त्या पडदेवाल्याचा कावा!" डॉक्टर थक्क होऊन म्हणाले. "पुरावा नष्ट करून शिवाय खोटा पुरावा पेरून ठेवलाय! फरशीसुद्धा घासून ठेवली!"

"होऊन जाईल!" मिस्त्रीने सवयीने मान डोलावली आणि तुळईवर घण घातला.

मग स्वयंपाकघराची पाळी. डावीकडचं स्वयंपाकघर उजवीकडच्या झोपायच्या खोलीत गेलं आणि झोपायची खोली स्वयंपाकघरात. ओटा गेला, शेगडी गेली, पण एक नळ काही केल्या बंद होईना. तो तसाच राहिला, डॉक्टरांच्या उशाशी. सांडपाण्याची वाट तर मुळात डावीकडेच होती. तेव्हा नव्या मोरीचा पाइप दिवाणखान्याच्या फरशीखालून आडवा न्यावा लागला. उतार बेताचाच मिळाला. परिणाम असा झाला की, बाईंनी मोरीत भांडं रिकामं केलं की जरा वेळाने दिवाणखान्याच्या पोटातून, नेमकं पाहुण्याच्या खुर्चीखालून, "गुडगुडगुड… घुळ्ळुक!" असा आवाज यायचा. पाहुणा शरमून उठून उभा राहायचा.

नव्या दाराबाहेर पाण्याची टाकी होती आणि लगेच शेजारच्या वकिलांचं कुंपण. आत यायचं तर अंग चोरून, आडवं होऊन, खेकड्यासारखं यावं लागे. पोस्टमनला हे कधीच पटलं नाही. तो जुन्या पायवाटेने यायचा, जिथे दार होतं तिथल्या भिंतीवर टकटक करायचा, थोडा वेळ थांबायचा आणि 'घरात कोणी नाही' असं समजून निघून जायचा.

या सगळ्यात बाईंनी काय सोसलं ते बाईंनाच ठाऊक! त्यांनी न्हाणीघरात स्टोव्ह मांडून स्वयंपाक केला, धुळीत पेपर तपासले, उशाशी ठिबकणाऱ्या नळाखाली पातेलं लावून झोप काढली. पण शब्दाला पक्की बाई! एकदाच म्हणाल्या, "पाटी मिळाली नाही ना, तर बघा."

पण पाटी मिळणारच होती! मंडळाचे अध्यक्ष येऊन घर बघून गेले, फोटो आणि घर शेजारी शेजारी ठेवून त्यांनी चष्मा पुसला. "अस्सल!" ते म्हणाले. अध्यक्षांचा तो आवडता शब्द. "डॉक्टर, खुर्चीचा पायसुद्धा जागच्या जागी! अस्सल!"

पाटीच्या कार्यक्रमाची तारीख ठरली. सकाळी दवाखान्यातली दोन कामं उरकून डॉक्टर तसेच, वरच्या खिशात दात बघायचा छोटा आरसा घेऊन, घाईघाईने घरी आले. दिवाणखान्यात मंडळाची माणसं, शेजारचे वकील, चार ओळखीचे. भिंतीवर तो कपाटाएवढा फोटो. टेबलावर निळ्या कापडाखाली पाटी. बाईंनी चहाचं आधण ठेवलेलं.

अध्यक्ष बोलायला उठले. "आजकाल लोक जुनं घर दुरुस्त करतात म्हणजे काय करतात? मनाला येईल ते! पण डॉक्टरांनी स्वतःचं मन बाजूला ठेवलं! विटेला वीट आणि दाराला दार! हे घर म्हणजे त्या काळाचा आरसा आहे!"

टाळ्या. वकील तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांचंही घर त्याच काळातलं, त्याच धाटणीचं. "डॉक्टर, डोळे उघडलेत आमचे!" असं म्हणून त्यांनी फोटोचा मोबाइलवर फोटो काढला आणि कोर्टात तारीख आहे म्हणत घाईने, अंग चोरून, आडवे होऊन निघून गेले.

"आणि आता," अध्यक्ष गूढ हसले, "डॉक्टरांनाही न सांगता मी एक पाहुण्या बोलावल्या आहेत. ज्यांच्या वडिलांनी हे घर बांधलं, त्या!"

डॉक्टरांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. मूळ मालकांची मुलगी! सगळे काचेपाशी धावले. फाटकातून एक ठेंगणी, गुटगुटीत, पांढऱ्या केसांची आजी काठी टेकत, पण तुरुतुरु येत होती. पायवाट तिच्या पायांच्या सरावाची असावी. ती खाली बघत नव्हती, फुलझाडांकडे बघत, मान हलवत, हसत आली, घराला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेली आणि दिसेनाशी झाली.

मग भिंतीवर आवाज आला. धाड!

पाठोपाठ, "अगं आई गं! दार कुठे गेलं?"

डॉक्टर नव्या दारातून सुटले, टाकीला कोपर आपटलं, पण थांबले नाहीत. "मावशी! इकडे! इकडे या! दार मूळ जागी नेलंय!"

"मूळ जागी तर मी उभी आहे!" मावशी कपाळ चोळत म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांचा हात धरून, टाकीला वळसा घालून त्यांना आत आणलं. आत येताच अध्यक्षांच्या कानात कुजबुजले, "वय झालंय. होतो गोंधळ."

मावशींचे कान मात्र वयाच्या मानाने भलतेच तरुण होते. "गोंधळ माझा नाही हो! दार इथे काढलंय कशाला? इथे आमचं स्वयंपाकघर होतं."

"स्वयंपाकघर तिकडे, मावशी. तुम्ही लहान होतात तेव्हा."

"लहान? या घरात मी मला बघायला आलेल्या लोकांना चहा दिलाय, आणि त्याच दारातून सासरी गेलेय! आणि हे तिकडे काय, शेगडी? तिथे माझी खाट होती!"

दिवाणखान्यात चुळबूळ सुरू झाली. अध्यक्ष उगाचच निळ्या कापडाची टोकं सारखी करू लागले. डॉक्टर अजिबात डगमगले नाहीत. त्यांनी ठेवणीतलं हत्यार काढलं. "मावशी, आठवण फसवते. फोटो फसवत नाही! हे बघा तुमचे बाबा!"

मावशी फोटोसमोर उभ्या राहिल्या. डोळे भरून आले त्यांचे. डॉक्टरांनाही गहिवरून आलं. ते हळूच म्हणाले, "डावखुरे होते ना?"

"कोण, बाबा? छे! डाव्या हाताने त्यांना साधं दाराचं कुलूप उघडता यायचं नाही!" मावशींनी डोळे पुसले, फोटोच्या आणखी जवळ गेल्या, आणि एकाएकी त्यांचे गुबगुबीत खांदे गदगदायला लागले. लोकांना वाटलं, रडतायत. पाणी आणायला दोघं धावले. पण मावशी हसत होत्या! भिंतीला धरून हसत होत्या!

"अहो, हा तोच फोटो! बाबांची चामखीळ डाव्या गालावर होती, इथे बघा, उजव्या! त्या मासिकवाल्यांनी उलटा छापला होता! केवढे संतापले होते बाबा! पुढच्या अंकात त्यांनी दिलगिरीसुद्धा छापली. वाचली नाहीत का?"

डॉक्टरांनी पुढचा अंक वाचला नव्हता. रद्दीवाल्याकडे तो नव्हताच.

"अशक्य!" ते म्हणाले, पण आवाज दाढ काढायला आलेल्या माणसासारखा निघाला. "आणि… आणि मग कॅलेंडरवरची परदेशी भाषा?"

बाई इतका वेळ ट्रे धरून उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, शांतपणे पुढे आल्या, नवऱ्याच्या वरच्या खिशातला दात बघायचा आरसा काढून घेतला, फोटोतल्या कॅलेंडरसमोर धरला आणि वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचलं.

"येथे सायकली भाड्याने मिळतील."

शांतता अशी, की टाचणी पडली असती तरी लोक दचकले असते. टाचणी पडली नाही, पण स्वयंपाकघरात कुणीतरी पाण्याचं भांडं मोरीत ओतलं असावं. कारण बरोबर अध्यक्षांच्या खुर्चीखालून "गुडगुडगुड… घुळ्ळुक!" असा आवाज आला. अध्यक्ष ताडकन उठून उभे राहिले.

"मी नाही!" ते म्हणाले.

आणि उठलेच आहोत तर, असा विचार करून त्यांनी निळ्या कापडासकट पाटी काखेत मारली. "डॉक्टर, म्हणजे… कारागिरी अस्सल आहे. प्रश्नच नाही. पण पाटीवर 'मूळ रूपात' असं कोरलंय ना… जरा मंडळात बोलतो." टाकी आणि कुंपण यांच्या मधून पाटी घेऊन निघताना त्यांना बराच त्रास झाला. पाटी तेवढी नीट गेली.

भराभर लोक पांगले. उरल्या मावशी, बाई आणि खुर्चीत कोसळलेले डॉक्टर. डॉक्टर तळहाताकडे बघत होते. जन्मभर आरशात बघून लोकांचे दात कोरले, डावं-उजवं एकदाही चुकलं नाही. आणि अख्खं घर चुकलं! त्या जुन्या तुळईवर घण पडला तो आवाज त्यांच्या कानात घुमू लागला. तीच खरी होती. ती झिजलेली फरशीही खरी होती. मावशींच्या पावलांनी झिजलेली.

"मावशी, मी तुमचं घर मोडलं," ते खरोखरच रडवेले होऊन म्हणाले.

मावशी तोवर नव्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभ्या राहून आल्या होत्या. "वेडे की काय! माझी आई आयुष्यभर बाबांशी भांडली, की स्वयंपाकघर त्या बाजूला करा, मला तिथून फाटक दिसेल, कोण येतं-जातं कळेल. बाबा म्हणायचे, नकाशा ठरलाय! आज आई असती ना, तर आनंदाने तुमच्याकडून सगळे दात उपटून घेतले असते!" मग त्या जरा थांबून बाईंना म्हणाल्या, "आवाज मात्र काय तो येतो गं?"

मावशींना रिक्षात बसवून डॉक्टर परत आले ते मान खाली घालून. अट त्यांना आठवत होती. "बोल," ते म्हणाले. "आता घर तुझं. काय काय फोडायचं?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि किती दिवसांनी निवांत बसल्या. "काहीही फोडायचं नाही! अजून एक दिवस धूळ उडाली ना, तर मी शाळेतल्या नकाशांच्या खोलीत राहायला जाईन. आहे तसं राहू दे. मला ते स्वयंपाकघर आवडतंच. फक्त त्या नळाचं बघा, आणि पायवाट वळवा, म्हणजे पोस्टमन तरी घरात येईल."

डॉक्टरांनी नळाचं बघितलं. पायवाट वळवली. डाव्या हाताने चहा पिणं सोडलं. दिवस बरे चालले होते.

मग एका रविवारी, चहा घेता घेता, शेजारून आवाज यायला लागला. धाड! धाड! धाड! पाठोपाठ ओळखीचा स्वर, "होऊन जाईल!"

बाईंनी कप खाली ठेवला. "अहो! वकील त्या दिवशी मधूनच गेले होते ना? त्यांना पुढचं कुणी सांगितलंय का?"

डॉक्टरांच्या घशात बिस्किट अडकलं.

"जा! आधी जाऊन सांगा त्यांना!"

डॉक्टर चपला घालून धावले. वकील त्यांच्या दिवाणखान्यात पालथ्या बादलीवर उभे होते, डोक्यावर चुना, हातात मोबाइल, मोबाइलवर तो फोटो. "या डॉक्टर, या! आमची ही म्हणत होती, नीट चौकशी करून मग हात घाला. मी म्हटलं, चौकशी कसली? डॉक्टरांनी सगळा अभ्यास करून ठेवलाय! आमचंही दार उजवीकडे सरकवलं होतं हो कुणीतरी चोराने!" डॉक्टरांनी बघितलं. दार गेलं होतं. तुळई गेली होती. स्वयंपाकघराची मधली भिंत अर्धी गेली होती आणि उरलेल्या अर्धीवर मिस्त्री प्रेमाने नजर रोखून उभा होता.

डॉक्टर परतले ते पाय ओढत.

"सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"सांगणारच होतो गं. तोंड उघडलंही होतं. पण ते इतके आनंदात होते…"

"मग काय केलंत काय तुम्ही?"

डॉक्टरांनी थंड झालेला चहा उचलला, एक घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"प्लंबरचा नंबर देऊन आलो."